कपाट किती फुटी आहे?

हे लिहायचं बरेच दिवस चाललंय आणि दर वेळी पहिल्याच पॅराला अडकते, कारण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, बिल्डिंग पडायच्या भीतीपासून की बिल्डरच्या चेकपासून की त्या रविवारपासून जेव्हा भर चर्चमध्ये आमचं नाव वाचलं गेलं. जाऊदे, बिल्डिंगपासूनच करते.

माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर आमची बिल्डिंग होती. होती म्हणजे आता नाहीये, आता तिथे पत्रे आहेत आणि पत्र्यांच्या आत खड्डा. चार मजली, लाकडी जिना, बाहेरून गॅलरी, मजल्याच्या टोकाला कॉमन संडास, खोलीत मोरी आणि वर पोटमाळा. १९४० च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या कागदावर 'अ' वर्गाची उपकरप्राप्त इमारत, म्हणजे जिच्या दुरुस्तीसाठी उपकर (सेस) भरला जातो ती, बोलताना सगळे सेसची बिल्डिंग म्हणतात. आमच्या आजेसासऱ्यांनी तिथली तिसऱ्या मजल्यावरची खोली पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेकरारावर, घेतलेली. ते नगर जिल्ह्यातून आलेले, मिलमध्ये लागले, १९८२ च्या संपात मिलची नोकरी गेली पण खोली राहिली. आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांत अशी नगरहून आलेली घरं भायखळा, माझगाव, परळ या पट्ट्यात खूप आहेत. गंमत म्हणजे अमेरिकन मराठी मिशनवाले १८१३ ला आधी मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला गेले, आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आमचे आजोबा त्याच वाटेने उलटे मुंबईला आले, पत्र्याची एक ट्रंक आणि बायबल घेऊन. हे सगळं मला सासूबाईंकडून कळलं, माहेर माझं पुण्याकडचं.

बिल्डिंगला टेकू लागलेले होते. म्हाडाची माणसं येऊन गॅलरीखाली टेकू लावून गेली होती ते तात्पुरते म्हणून, आणि माझा मुलगा त्याच टेकूला धरून चालायला शिकला, मग त्याच टेकूला दोरी बांधून क्रिकेटचं नेट केलं पोरांनी. टेकूची सवय होऊन जाते. घाबरलो ते २७ सप्टेंबर २०१३ ला. त्या दिवशी सकाळी सकाळी आमच्या इथून जवळच बाबू गेनू मार्केटची पालिकेची इमारत कोसळली आणि ६१ माणसं गेली. पुढचे दोन दिवस त्या गल्लीतून ॲम्ब्युलन्स चालू होत्या. आमच्या मजल्यावरच्या कोकणातल्या काकू रात्रभर गॅलरीच्या दारात उशी घेऊन बसायच्या, काही झालं तर पहिली पळता येईल म्हणून. आणि ती इमारत आमच्यापेक्षा किती नवी होती! त्यानंतर रिडेव्हलपमेंटला नाही म्हणणारे पण गप्प झाले.

बिल्डर आला, मिटिंगा झाल्या, मंडप घालून वडापाव आणि चहा झाला, प्लॅन दाखवला. ३३(७) मध्ये, म्हणजे सेसच्या बिल्डिंगांच्या रिडेव्हलपमेंटच्या नियमात होणार, प्रत्येकाला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट, लिफ्ट, पार्किंग (कोणाकडे गाडी होती देव जाणे). सासूबाईंनी सगळ्या मिटिंगांमध्ये मिळून एकच प्रश्न विचारला, संडास आत आहे ना? आत आहे म्हटल्यावर त्यांनी सही केली. सत्तरीच्या बाई रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन पॅसेजच्या टोकाला जायच्या, त्यांच्यासाठी तोच राजवाडा.

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही खोली रिकामी केली. निघताना पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे पाद्री, आले, प्रार्थना झाली, भिंतीवरची फ्रेम सासूबाईंनी स्वतः उतरवली. स्तोत्र १२७ ची ती फ्रेम आमच्या सासऱ्यांनी हाताने रंगवलेली, ते बीपीटीत, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये, पेंटर होते. तुम्हाला माहीत असेल ते वचन, परमेश्वर जर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट. त्या दिवशी बिल्डरचा माणूस किल्ली घ्यायला आलेला, त्याने ते वाचलं आणि हसत बोलला, आँटी, हम लोग मिलके बांधेंगे. तेव्हा आम्ही पण हसलो.

भाड्याचं असं ठरलं होतं की बिल्डर महिना २२ हजार देणार, वर्षाचे बारा चेक ॲडव्हान्समध्ये. घोडपदेवला २४ हजारांत वन बीएचके मिळाला, वरचे दोन आम्ही टाकायचो. पहिलं वर्ष मस्त गेलं, खरंच सांगते, घरात संडास, घरात बेसिन, मुलीला अभ्यासाला वेगळी खोली. तिकडे बिल्डिंग पाडली, खोदकाम झालं, पायलिंगचं मशीन आलं. दुसऱ्या वर्षाचे चेक मिळाले, त्यातला एक वटला, मग लॉकडाऊन, आणि तिथून पुढचे सगळे बाऊन्स. मशीन पण गेलं. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला की एक मुलगी गोड आवाजात सांगायची की सर साईटवर आहेत. साईटवर कोण कुत्रं नव्हतं.

नवरा एका कॅटररकडे हिशोब बघायचा, लग्नंच बंद तर कॅटरर कसला, मे महिन्यात नोकरी गेली. मी क्लिनिकमध्ये रिसेप्शनला, माझा पगार चालू होता, पण त्यात २४ हजार भाडं आणि पाच माणसं हे गणित बसवून दाखवा. आधी एफडी मोडली, मग माझ्या बांगड्या, मग सासूबाईंनी न विचारताच त्यांची बोरमाळ काढून टेबलावर ठेवली. असं करत करत दीड वर्ष काढलं. घरमालक वाईट नव्हते हे लिहायलाच हवं, म्हातारे गृहस्थ, त्यांचं पण घर त्या भाड्यावर चालायचं, चार महिने थकल्यावर सुद्धा ते दारात येऊन चप्पल काढून बोलायचे. पण २०२१ च्या नोव्हेंबरात ते म्हणाले की पंधरा डिसेंबरपर्यंत खाली करा, डिपॉझिट थकबाकीत गेलं. मुलगी दहावीला.

घरं शोधायला लागलो. ब्रोकरचा पहिला प्रश्न किती माणसं, दुसरा नॉनव्हेज खाता का, तिसरा आडनाव. आडनाव मराठी म्हटल्यावर तो खूश, मग नावं सांगितली की थांबायचा. मुलाचं नाव शमुवेल आहे, त्यावर एकाने विचारलं, मग तुम्ही मराठी कसे? या प्रश्नाला मी गेली वीस वर्षं उत्तर देतेय, त्या दिवशी नाही दिलं, त्राणच नव्हतं. आणि सगळीकडे डिपॉझिट एक लाख, दीड लाख, प्लस एक महिन्याची दलाली.

आता चर्चचं. आमचं चर्च भायखळ्याच्या बाजूला, मराठी उपासना, पेटी-तबल्यावर भजनं, सगळे एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात. ही तीन पिढ्यांची ओळख फार गोड असते असं लोकांना वाटतं, पण तिचा दुसरा अर्थ असा की तुमच्या घरात काय शिजतंय ते सगळ्यांना माहीत असतं आणि म्हणून तुम्ही जास्तच लपवता. आम्ही कोणाला काही सांगितलं नव्हतं. आम्ही देणाऱ्यांपैकी होतो ना. हंगामाच्या सणाला, म्हणजे चर्चमध्ये पिकाचं अर्पण आणतात त्या दिवशी, लिलावात नवरा पाच रुपयांचा भोपळा पाचशेला घ्यायचा, गरजू फंडाचं पाकीट दर महिन्याला जायचं, लॉकडाऊनमध्ये सुरुवातीला रेशनची किटं वाटली त्यात मी स्वतः पिशव्या भरल्या. ज्या यादीवरून पिशव्या भरतो त्या यादीत आपलं नाव यावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. नव्हतंच.

देवळं, मशिदी, चर्चेस सात ऑक्टोबरला परत उघडली होती, तोपर्यंत झूमवर भक्ती चाललेली, अर्धा वेळ कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकत. २८ नोव्हेंबर, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. मास्क लावून एकाआड एक बसलेलो. विशेष प्रार्थनेच्या विनंत्या वाचायला सुरुवात झाली, अमुकांचं ऑपरेशन, तमुकांच्या मुलीचं लग्न, आणि मग आमचं आडनाव. "यांच्या कुटुंबाला राहायला जागा मिळावी म्हणून."

मला वाटलं जमीन फाटावी. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि मग आम्ही दोघांनी सासूबाईंकडे. त्या डोळे मिटून बसलेल्या, एकदम शांत. चिठ्ठी त्यांनी टाकली होती. मी नंतर बाहेर येऊन इतकी चिडले त्यांच्यावर, म्हटलं आई, निदान विचारायचं तरी, लोक काय म्हणतील. त्या म्हणाल्या, "मी लोकांना कुठे सांगितलं, मी देवाला सांगितलं, लोकांनी मधे ऐकलं." यावर काय बोलणार.

लोक जमलेच. बहुतेक जण म्हणाले प्रार्थनेत आहोत हां, काळजी करू नका. खरं सांगते, तेव्हा मला तो शब्द ऐकूनच राग येत होता. आणि डिसेंबर जवळ म्हणून ज्याला त्याला तेच सुचत होतं, की मरीया आणि योसेफालाही उतारशाळेत जागा मिळाली नव्हती. पहिल्या माणसाने म्हटलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, पाचव्याने म्हटलं तेव्हा मी घड्याळ बघितलं. सासूबाईंनी मात्र सहाव्याला सुनावलं, "त्यांचं एका रात्रीचं होतं बाबा, आणि डिपॉझिट नव्हतं."

त्या गर्दीत कुर्ल्याचे एक काका होते, रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर झालेले, कायम शेवटच्या बाकावर बसतात, आमची ओळख जय ख्रिस्त म्हणण्यापुरती. ते प्रार्थना वगैरे काहीच बोलले नाहीत. जवळ येऊन विचारलं, "तुमचं कपाट किती फुटी आहे?"

मला कळेच ना. म्हटलं कुठलं कपाट? म्हणाले, गोदरेजचं असेल ना, साडेसहा फुटी की छोटं, माझा ग्राउंड फ्लोअर आहे, जिन्याखाली जागा आहे पण मोजून बघायला लागेल.

म्हणजे या माणसाने उपासना चालू असतानाच विचार करून ठेवला होता की पाच माणसं कोणाकडे तरी राहतील पण सामानाचं काय. आणि तोच आमचा सगळ्यात मोठा प्रश्न होता! मुंबईत कोणी तुम्हाला चार दिवस झोपायला जागा देईल पण कपाट ठेवायला नाही देऊ शकत, जागाच नसते. मी तिथे चर्चच्या पायरीवर बसून रडले. आठवड्याभरात तरुण संघातल्या पोरांनी टेम्पो आणला आणि आमचं घर वाटून टाकलं, कपाट कुर्ल्याला, वॉशिंग मशीन सायनला क्वायरमधल्या मुलीकडे, दिवाण शिवडीला, सासऱ्यांची वाजवायची पेटी चर्चमध्येच, पाटा-वरवंटा कोण घेईना तर कोकणातल्या काकूंनी नेला, त्या आमच्याच बिल्डिंगच्या, त्या पण भाड्याने काळाचौकीला, त्यांचे पण चेक बाऊन्स. त्यांनी आमच्यासाठी देवीला नवस बोलला होता हे मला खूप नंतर कळलं. सासूबाई म्हणाल्या, बोलू दे, मी पण तिचं नाव रोज घेते.

आणि राहायचं? चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत विषय निघाला की आवारातली मागची खोली द्यावी. दोन तास वाद झाला म्हणे. काही जण म्हणाले, आज यांना दिली तर उद्या कोणाला नाही म्हणणार, आणि आत गेलेला माणूस बाहेर निघाला नाही तर? शेवटी नाही झालं. मला जे लागलं ते इथे लिहीत नाही, नवरा तर दोन रविवार गेला नाही. पण आता विचार केला तर त्या लोकांचं अगदीच चुकलं असं नाही वाटत, मुंबईत खोली हा विषय असा आहे की सख्खे भाऊ कोर्टात जातात. तरी ज्यांनी नाही म्हटलं त्यातल्या एकांनी नंतर पाकिटात पाच हजार पाठवले, नाव न लिहिता, अक्षर ओळखीचं होतं.

खोली दिली ती सिस्टरनी. सिस्टर म्हणजे नन नाही, पालिकेच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्स, सगळं चर्च त्यांना सिस्टरच म्हणतं. चिंचपोकळीला एकट्या राहतात, मुलगा बाहेरदेशी. त्यांचा फोन आला, "बाळा, माझ्याकडे हॉल रिकामाच असतो, मी नऊला झोपते आणि चारला उठते, माझ्या देवपूजेच्या वेळेला आवाज चालणार नाही, बाकी या." देवपूजा हाच शब्द वापरतात त्या सकाळच्या प्रार्थनेला. किती दिवस, हे त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं की दहावीची परीक्षा होईपर्यंत, तर म्हणाल्या, ते मुलीला सांग, मला कशाला.

बारा डिसेंबरला आम्ही पाच जण पाच बॅगा घेऊन गेलो. चार महिने राहिलो. दुसऱ्याच्या घरात राहणं काय असतं ते राहिल्याशिवाय कळत नाही, आणि सिस्टर देवमाणूस असूनही सांगते. गॅसवर पातेलं कुठल्या बाजूला ठेवायचं, टॉवेल कुठे वाळत घालायचा, बाथरूममध्ये किती वेळ, मुलगा मोठ्याने हसला की आपण दटावायचं. शमुवेल चार महिन्यांत कुजबुजत बोलायला शिकला, ते मला आजही टोचतं. त्या नाताळात करंज्या आम्ही सिस्टरच्याच किचनमध्ये केल्या, सासूबाई सारण करत होत्या आणि सिस्टर त्यांना साखर कमी घाला सांगत होत्या, दोघींचं तीन दिवस कडाक्याचं भांडण, आणि मला इतकं बरं वाटलं, कारण भांडण होतंय म्हणजे आपण पाहुणे राहिलो नाही.

मधे एका नातेवाइकाने एक ब्रदर आणले, त्यांची वेगळी फेलोशिप. त्यांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुमच्या घराण्यावर जागेचा शाप आहे, विश्वासाने बी पेरा, म्हणजे पैसे द्या, शंभरपट येईल. मी वाद घालणार होते. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाल्या, "ब्रदर, बिल्डरचा पत्ता देते, त्याला पेरायला सांगा, त्याच्याकडे आमचं बियाणं पडलंय." ते परत आले नाहीत.

माझी स्वतःची गोष्ट अशी की त्या काळात मला प्रार्थना करता येत नव्हती. हे मी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिले तर सांगणार नाही कदाचित, इथे सांगते. डोळे मिटले की डोक्यात आकडेच यायचे, डिपॉझिट, फी, थकबाकी. पण भजन म्हणता यायचं, कारण त्यात शब्द आपल्याला शोधायला लागत नाहीत, पेटी सुरू झाली की तोंड आपोआप चालतं. मी तेवढंच केलं चार महिने. शेजारी सासूबाई तल्लीन, आणि मी आपली एखाद्याच्या लग्नात टाळ्या वाजवतात तशी. पाळकसाहेबांना एकदा हे बोलले तर म्हणाले, चालेल, सध्या बाकीचे करतायत तुझ्या वाटणीची.

पाळकसाहेबांची अजून एक गोष्ट. ते घरभेटीला सिस्टरकडे आले तेव्हा सासूबाईंनी बिस्किटाचा डबा काढला, त्यात बिल्डरचं ॲग्रीमेंट, भाडेपावत्या, जुनं रेशनकार्ड, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, बिस्किटाचा अजून वास येतो त्या कागदांना. म्हणाल्या, साहेब, याच्यावर हात ठेवून प्रार्थना करा. त्यांनी केली, आणि मग यिर्मयाची गोष्ट सांगितली. मला बत्तिसावा अध्याय माहीत नव्हता, खोटं कशाला बोलू. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत फिरतोय आणि त्यासाठीच कैदेत आहे, आणि तेव्हा त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो की गावाकडचं माझं शेत विकत घे. म्हणजे ज्या जमिनीवर उद्या शत्रू बसणार ती! आणि देव सांगतो घे. तो सतरा शेकेल रुपं तोलून देतो, खत लिहितो, साक्षीदार घेतो, एक मोहोरबंद प्रत आणि एक उघडी प्रत, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावी म्हणून. आम्हाला वाटलं आता साहेब विश्वासाबद्दल काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "दोन प्रती होत्या हे लक्षात घ्या. याच्या झेरॉक्स काढल्यात का?"

नव्हत्या काढल्या. काढायला गेलो तेव्हा कळलं की ॲग्रीमेंट रजिस्टर्डच नाहीये, फक्त नोटरी केलेलं. चर्चमधल्याच एका वकिलांनी कागद पाहिले, फी घेतली नाही, फक्त चेहरा वाकडा केला. त्यांनी समजावलं की महारेरात, म्हणजे बिल्डरविरुद्ध ग्राहक तक्रार करतात तिथे, तुमचं फारसं चालणार नाही, तुम्ही फ्लॅट विकत घेतलेले ग्राहक नाही, तुम्ही जुने भाडेकरू, तुमचं दार म्हाडाचं. मग तिथून आमच्या भाडेकरूंच्या कमिटीत परत जीव आला, तोवर व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंग आणि शिव्या चाललेल्या.

डिपॉझिट कसं जमलं ते सांगते आणि मग आवरते. महिला मंडळाची भिशी आहे, वीस जणी, दोन हजार महिना. माझा नंबर ऑगस्टमध्ये होता. मार्चची भिशी जिची निघाली तिने, तिच्या मुलाच्या ॲडमिशनचे पैसे होते ते, सरळ सांगितलं की माझा नंबर हिला द्या आणि हिचा ऑगस्ट मला. एवढंच, पंधरा सेकंदाचं बोलणं, नंतर पुढचा विषय ईस्टरच्या नाश्त्याचा. चाळीस हजार ते, पंचवीस गरजू फंडातून उसने, बाकी माझ्या भावाने घातले. गरजू फंडाच्या रजिस्टरमध्ये सही करताना हात थरथरला हे खरं आहे. त्या आधीच्या पानावर, वाटपाच्या बाजूला, माझीच सही होती.

२०२२ च्या ईस्टरनंतर, म्हणजे १७ एप्रिलच्या पुढच्या आठवड्यात आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात आलो. मुलीची दहावी झाली, मार्क बरे पडले, फार नाही. नवऱ्याला काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. गरजू फंडाचे पैसे फिटले. घर छोटं आहे पण संडास आत आहे, सासूबाईंचं म्हणणं की देवाने प्रार्थनेचा तेवढा भाग ऐकला, पत्त्याचं तो बघेल. घरमालकाची एकच अट, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे स्तोत्र १२७ ची फ्रेम फ्रिजवर टेकवून ठेवलीय, फ्रिजचं दार जोरात लावलं की ती पुढे येते आणि मग कोणीतरी ओरडतं, पप्पांचं वचन पडेल!

चर्च अजून तेच. विक्रोळीहून भायखळा काही लांब नाही पण मध्य रेल्वेला रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा दिवस, ज्याने कोणी हे ठरवलं त्याच्या ओळखीत एकही ख्रिस्ती माणूस नसणार. जाताना ठीक जातो, येताना लटकत. तरी जातो.

बिल्डिंगचं म्हणाल तर म्हाडा कायद्यात जे ९१-अ कलम आलं, रखडलेले प्रकल्प म्हाडाने ताब्यात घेऊन पूर्ण करायचे म्हणून, त्याखाली कमिटीने अर्ज केलाय. वांद्र्याला कलानगरच्या गृहनिर्माण भवनात, म्हाडाच्या ऑफिसात, नवरा आणि कोकणातल्या काकूंचा मुलगा आळीपाळीने जातात. फाईल प्रोसेसमध्ये आहे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शमुवेलला गृहपाठ झाला का विचारलं तर तो पण हेच सांगतो. मागच्या पावसाळ्यात सासूबाईंना हट्टाने तिकडे जायचं होतं, घेऊन गेले. पत्र्याच्या फटीतून त्यांनी आत पाहिलं. खड्ड्यात पाणी भरलेलं, कडेने हे एवढं गवत, आणि दोन पोरं चक्क गळ टाकून बसलेली. त्या बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं रडतायत. मग म्हणाल्या, "अगं, मासे आहेत वाटतं." आणि पोरांना हाक मारून विचारलं, काय लागतंय रे?

कपाट अजून कुर्ल्यालाच आहे. इथे दारातून आत येत नाही, तीन इंच कमी पडतात, काकांनी स्वतः टेप घेऊन येऊन मोजलं. सुरुवातीला कुर्ल्याच्या काकू फोनवर विचारायच्या, कधी नेणार गं. हल्ली विचारत नाहीत. परवा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा माझी एक जुनी फाईल काढायला कपाट उघडलं, तर वरच्या दोन कप्प्यांत त्यांच्या साड्या, मधे नातवाचे कपडे, आणि माझं सगळं खालच्या खणात नीट घडी करून, वर डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या. काकू ओशाळल्या, म्हणाल्या, तुझं घर झालं की लगेच रिकामं करते हां. मी म्हटलं राहू दे, आता काढलं तर तुमच्या साड्या कुठे जाणार.